गंधाने पुसलेला चेहरा

माझ्या हातून जे पाप घडलं ते भक्तीच्या भरात घडलं, म्हणून ते कुणाला सांगायचीही सोय नव्हती. आत्या गेली तेव्हा मी अंबरनाथला कारखान्यात नुकताच लागलो होतो आणि मोरिवलीत एका खोलीत एकटा राहत होतो. आईबाप लहानपणीच गेलेले. मला वाढवलं ते या बालविधवा आत्याने. ट्रंकेत घरचे सातआठ फोटो होते. मुंजी, लग्नं, आजोबांची एकसष्टी. आत्या त्यांत कुठेच नाही. शुभकार्याच्या फोटोत विधवेने बसायचं नाही, म्हणून ती प्रत्येक वेळी आत चुलीपाशी. बदलापूरच्या जत्रेत मी हट्टाने काढून घेतलेला तिचा एकच फोटो काय तो होता.

तो मी देवांशेजारी मांडला. काच बसवायचा कंटाळा केला. रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसायचा, कपाळी चंदनाचं गंध लावायचं, नमस्कार करायचा. अति तिथे माती म्हणतात ते खोटं नाही. वर्षभरात कपाळ गेलं, मग डोळे, आणि एका सोमवारी फडक्याबरोबर उरलासुरला चेहराही निघून आला. डोळे मिटून तिला आठवायला गेलो, तर तेही जमेना. रोज फोटोच बघत आलो होतो, खरी आत्या केव्हाच विसरलो होतो. त्या खोलीत इतका एकटा मी कधी पडलो नव्हतो. "तुझ्याच शेजारी ठेवली होती ना?" असं देवाला रागाने विचारलं आणि त्या दिवशी पूजा केली नाही.

उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये एक सिंधी फोटोग्राफर बिघडलेले फोटो दुरुस्त करतो असं ऐकून रविवारी तिकडे गेलो. तो बाहेर गेला होता. दुकानात त्याची म्हातारी आई होती. तिने फोटो हातात घेऊन बराच वेळ पाहिला.

"मेरे पास तो इतना भी नहीं, बेटा," ती म्हणाली. "माँ, बहन, सबका फोटो उधर सिंध में रह गया. मैं रोज उनकी बात करती हूँ. बात करने से आते हैं. तू बोल, कैसी थी?"

मोडक्यातोडक्या हिंदीत सांगू लागलो. मिश्री लावायची. माझं पान वाढून समोर उभी राहायची, स्वतः कधी जेवली ते मला दिसलंच नाही. एकदा शाळा चुकवून मी विहिरीवर पोहायला गेलो, तर तिथे येऊन तिने माझा कान धरला... एवढं बोललो आणि आत्या समोर दिसली. जवळ आलेल्या भुवया, मिश्रीने काळे पडलेले दात, रागाने थरथरणारी हनुवटी, आणि पोरगं बुडालं असतं तर म्हणून डोळ्यांत भीती. फोटोतली आत्या कॅमेऱ्याला बुजून गप्प बसली होती. ही माझी होती. त्या अनोळखी दुकानात मी मोठ्याने रडलो. म्हातारी पाठीवरून हात फिरवत राहिली.

फोटोग्राफरची वाट न पाहता मी परतलो. याला कृपा म्हणावं की योगायोग, यावर मला वाद घालायचा नाही. देवापुढे हात जोडले आणि रागाची माफी मागितली. माणूस आपल्या मुठीत राहत नाही, तो स्वतःच्या मर्जीने भेटतो, एवढं मला कळलं.

आत्या आता रोज येत नाही. येते तेव्हा बहुतेक रागावलेलीच असते. मी मुकाट्याने कान पुढे करतो.