एका दिवसाच्या मोठ्या बाई

माझा आवाज मोठा आहे. कोल्हापुरात सगळ्यांचाच असतो, पण माझा जरा जास्तच. मी मराठीचा तास एका वर्गात घेतो आणि तो तीन वर्ग ऐकतात, असं शिक्षक खोलीत माझ्या तोंडावर बोललं जातं. मला त्याचा अभिमान होता. पोरांना वळण लावायचं तर दरारा पाहिजे, असं मी वीस वर्षं मानत आलो. आणि त्याच पोरांच्या प्रगतिपुस्तकात 'नेतृत्वगुण आहेत' असं डोळे झाकून लिहीत आलो. खरं सांगायचं तर ती नोंद मागच्या वर्षीच्या पुस्तकावरून उतरवून काढायची आमची पद्धत होती.

दहावीतल्या एका मुलीसाठी मात्र मी ती उतरवली नव्हती. कुरुंदवाडची पोर, मामाकडं राहून शिकणारी. काहीही सांगितलं की आधी 'का?' विचारायची आणि उत्तर पटलं नाही तर परत विचारायची. तिच्या प्रगतिपुस्तकात मी लिहिलं होतं, 'फार वाद घालते.' हे तरी मी मनापासून लिहिलं होतं.

शिक्षक दिनाला आमच्याकडं स्वयंशासन असतं. दहावीची मुलं शिक्षक होऊन शाळा चालवतात आणि आम्ही खोलीत बसून चहा पितो. मागच्या वर्षी मुख्याध्यापक झालेल्या मुलानं मधल्या सुट्टीतच शाळा सुटल्याची घंटा द्यायला लावली आणि अख्खी शाळा रंकाळ्यावर फिरायला गेली. पालकांना उत्तरं देताना आमच्या खऱ्या मुख्याध्यापकांच्या नाकी नऊ आले. यंदा त्यांनी मला बोलावून सांगितलं, "जबाबदारी तुमची. या खेपेला गोंधळ झाला तर हा दिवस कायमचा बंद."

तो बंद पडावा असं मला अजिबात वाटत नव्हतं. नववीतली मुलं वर्षभर आपल्या पाळीची वाट बघत असतात. कोण कुठल्या विषयाच्या बाई होणार, कुणाच्या आईची साडी कुणाला बरी दिसेल, हे जूनपासून ठरत असतं. त्यांच्या तोंडचा घास माझ्यामुळं जायला नको होता. म्हणून मी एक हुशार, आज्ञाधारक मुलगा मुख्याध्यापकपदासाठी हेरून ठेवला. पण दहावीनं मतदान घेतलं आणि मोठ्या बाई म्हणून निवडून आली ती वाद घालणारी. मी कपाळावर हात मारून घेतला.

त्या दिवशी आपल्याला शिकवायचं नाही म्हणून मी घरी दुसरा चहा घेतला आणि निवांत निघालो. शाळेत पोचलो तर फाटक बंद. आत मोठ्या बाई उभ्या होत्या. मामीची जांभळी साडी, तिला जागोजागी पिना आणि हातात हजेरीची वही.

"सर, प्रार्थना चालू झाली. तुमी भायेरच थांबायचं."

"अगं, मी थांबायचं?"

"उशिरा येणाऱ्यानं भायेर थांबायचं, ह्यो नियम तुमीच केलाय की."

नियम माझाच होता. पाचवीसहावीतली चार पोरं बाहेर उभी होती, त्यांच्या ओळीत मी पाचवा उभा राहिलो. एकानं मला सरकून सावलीत जागा दिली. "सवय न्हाई तुमास्नी," तो म्हणाला. त्याला बहुतेक रोजची होती.

खरा घोटाळा मी तिसऱ्या तासाला केला. आठवी ब शिक्षक खोलीला लागूनच आहे. तिथं दहावीतला एक अबोल मुलगा गणित शिकवत होता आणि वर्गात नुसता कल्ला चालला होता. बाकं वाजत होती, कुणीतरी कोंबड्यासारखं आरवत होतं. खरे मुख्याध्यापक कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचत होते, त्यांनी पान खाली करून माझ्याकडं बघितलं. झालं, मला वाटलं, गेला हा दिवस. मी उठलो, आठवी बच्या दारात गेलो आणि माझ्या ठेवणीतल्या आवाजात ओरडलो. वर्ग चिडीचूप झाला. मी खूश होऊन परत येऊन चहाचा कप उचलला. येताना फळ्याजवळचा तो मुलगा दिसला होता. त्यानं लिहिलेलं गणित पुसून टाकलं होतं आणि तो वर्गाकडं तोंड करायला तयार नव्हता. पण त्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही.

पाच मिनिटांत मोठ्या बाईंचं बोलावणं आलं. मुख्याध्यापकांच्या खुर्चीत ती अगदी टोकावर बसली होती.

"सर, आज तास त्याचा हाय. तुमी वराडलासा, आता त्याचं कोण ऐकणार?"

"पण गोंधळ केवढा होता! दिवस बंद पडला असता, कळतंय का?"

"असा चालवायचा असंल तर पडू दे की बंद."

वीस वर्षांत माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं. तिचा हात पदराची पिन चाचपत होता, पण नजर माझ्यावरच होती. तिलाही तो दिवस हवा होता, माझ्यापेक्षा जास्तच.

"मग काय करायचं?" मी विचारलं.

"आठवी बमध्ये जाऊन शेवटच्या बाकावर बसा. आणि त्यो म्हणंल तसं करा."

मी जाऊन बसलो. माझे गुडघे बाकात मावेनात. ती त्या मुलाच्या कानात काहीतरी बोलली आणि निघून गेली. त्यानं घाम पुसला, गणित पुन्हा फळ्यावर लिहिलं. आठ मजूर उसाच्या रानातलं तण बारा दिवसांत भांगलून काढतात, तर तेच रान भांगलायला सहा मजुरांना किती दिवस लागतील? मग बारीक आवाजात तो म्हणाला, "शेवटच्या बाकावरचे सांगतील."

सगळा वर्ग मागं वळला. मी घाईघाईनं तोंडी हिशेब केला आणि ठणकावून सांगितलं, "नऊ!"

पुढच्या बाकावरची राधानगरीकडची एक पोरगी ताडकन उठली. "सर, माणसं कमी झाल्यावर दिवस वाढत्यात की! कधी रानात गेलासा न्हाई काय?"

वर्ग हसून लोळायचा बाकी राहिला. फळ्याजवळचा मुलगाही हसला, आणि हसता हसता त्याचा आवाज मोकळा झाला. "सोळा," तो म्हणाला, "कसे ते बघा." मग त्यानं इतकं छान समजावलं की आठवी ब तास संपेपर्यंत हलली नाही. मला पुन्हा दोनदा उठवलं. दुसऱ्या वेळी माझं उत्तर बरोबर आलं आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. इतका आनंद मला शिक्षक म्हणून क्वचितच झाला होता.

संध्याकाळी शेवटची घंटा वेळेवर झाली. मोठ्या बाईंनी दिवसाचा अहवाल खऱ्या मुख्याध्यापकांच्या हातात दिला आणि त्यांनी तो आम्हा सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला. शेवटचा परिच्छेद माझा होता. 'एक शिक्षक उशिरा आले. आठवी बमध्ये विनाकारण ओरडले. समजावून सांगितल्यावर शेवटच्या बाकावर शांत बसले. सुधारणा होत आहे. पुढच्या वर्षी पुन्हा संधी द्यावी.'

"संधी कुणाला द्यायची?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"सरांना की," ती म्हणाली. "येका दिवसात कुठं सुधारत्यात?"

मुख्याध्यापक हसले, चष्मा काढून डोळे पुसले आणि अहवालाखाली 'मान्य' असं लिहून सही केली. दारात कान लावून उभ्या असलेल्या नववीच्या मुलांनी जो आरडाओरडा केला त्यापुढं माझा आवाज काहीच नाही.

घरी जाण्याआधी मी कपाटातून तिचं प्रगतिपुस्तक काढलं. 'फार वाद घालते' ही नोंद खोडली नाही. तिच्यापुढं एवढंच लिहिलं, 'आणि ऐकायला लावते.'