एकदाच सांगणाऱ्या मॅडम

आमच्या मॅडम एक गोष्ट दुसऱ्यांदा सांगत नसत. माणसाला नाही, मशीनलाही नाही. दिग्रसला आमच्या घराची पुढची खोली त्यांनी कॉम्प्युटरच्या कामासाठी भाड्याने घेतली होती. मी चहा न्यायची आणि लाजून दाराशीच उभी राहायची. त्या म्हणत, "काकू, बसा. उभ्यानं पाहून समजत नाही."

कापसाचे ते दिवस वाईट होते. पुसद, यवतमाळला काय भाव निघाला हे शेतकऱ्याला कळायचं माल विकून झाल्यावर. मॅडमनी बाजारवाल्यांना शब्द दिला होता, की लिलावाआधी सगळीकडचे भाव बाजाराच्या फाटकावर लावून दाखवीन. जमलं तर काम मॅडमचं, नाहीतर नागपूरच्या कंपनीचं. मॅडमच्या वडिलांनी त्यांना बजावलं होतं, "नाही जमलं तं गुमान पुण्याच्या नोकरीवर वापस जाय."

प्रत्येक बाजाराकडून एक्सएमएलची फाइल यायची. तिच्यात प्रत्येक आकड्यापुढे तो कशाचा ते लिहिलेलं असायचं. कागदावर काय कुठे छापायचं, याचे नियम मॅडमच्या स्टाइलशीटमध्ये होते. पण आमचा जुना कॉम्प्युटर प्रत्येक फाइलीसाठी ते नियम पहिल्यापासून वाचत बसायचा. तोवर लिलाव संपायचा.

"हा प्रत्येक पोळीले नवीन कणीक मळून राह्यला, काकू," त्या म्हणाल्या. मग त्यांनी नियम वाचायचं काम एकदाच उरकलं. स्टाइलशीट कंपाइल करून तिचाच चालणारा प्रोग्राम बनवला. फाइल टाकली की कागद तयार. मला त्यातलं कणकेपुरतंच समजलं, पण तेवढं पक्कं समजलं.

बाजारवाल्यांना कागद काढून दाखवायच्या आदल्या दिवशी अडत्यांनी कापसाच्या ओलाव्याचा रकाना वाढवायला सांगितला. मॅडमनी नियमांत तो घातला. सकाळी बाजारवाले, अडते, मॅडमचे वडील, सगळे खोलीत जमले, कागद निघाला, आणि त्यात ओलावा नव्हताच.

एक अडत्या म्हणाला, "काहो मॅडम, ओलावा वाळून गेला काय?"

सगळे हसले. बाहेर कापसाच्या बैलबंड्या फाटकाकडे चालल्या होत्या. वडील भिंतीकडे पाहत राहिले. मॅडमनी पडद्यावर नजर फिरवली आणि त्यासुद्धा हसल्या. "नियम बदलले मी, पण प्रोग्राम जुन्याच नियमांचा चालवून राह्यली. थांबा, शेठ." त्यांनी पुन्हा कंपाइल केलं. माझा चहा ओतून होईपर्यंत कागद बाहेर पडू लागले, ओलाव्यासकट.

लिलाव सुरू व्हायच्या आत ते फाटकावर लागले. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने ते वाचून घेतले आणि त्याच अडत्याला म्हणाला, "पुसदले तं जास्त हाय. आता बोला, शेठ." शेठला भाव वाढवावाच लागला.

काम मॅडमनाच मिळालं. पुढे बाकीच्या बाजारांचंही मिळालं आणि त्या यवतमाळला मोठ्या जागेत गेल्या. सामान न्यायला वडील आले होते. मेटाडोरवाल्याने कॉम्प्युटर उचलला तसे ते मागे धावले. "हळू ठेव रे बाबू. आमच्या पोरीचा हाय तो. अख्ख्या जिल्ह्याचा भाव त्याच्यातून निघते."