मोर्णेच्या पाण्यातली घोडी

मी माहेरी आले ती डोळ्यांच्या दुखण्यासाठी. फाल्गुनात आले होते. वैशाखात डोळे बरे झाले, आषाढ गेला, गणपती बसले आणि उठले, तरी अमरावतीहून मला न्यायला कोणी आलं नाही. पत्रं येत. सासूबाईंच्या पत्रात दर वेळी नवी अडचण असे: कधी घरात आजारपण, कधी महिना वाईट, कधी यजमानांना कोर्टाचं काम. यजमान अमरावतीला एका मोठ्या वकिलांच्या हाताखाली होते. त्यांचं स्वतःचं पत्र आठ महिन्यांत एकदाच आलं. माझ्या पुस्तकांची पेटी पाठवून देऊ का, एवढंच त्यात विचारलं होतं.

वडील अकोल्याला गुरांच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर होते. दवाखान्याच्या मागेच आमचं घर. मागच्या अंगणातून उतरलं की मोर्णा, आणि नदीपलीकडे जुने शहर. त्या दिवसांत मला एका जागी बसवत नसे. तांदूळ निवडायला घेतले की अर्ध्यात उठायची, शिवण घेतलं की सुई टोचून ठेवून द्यायची, आणि अंगणात या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत चालत राहायची. आई म्हणायची, "काहून फिरून राहिली अशी? बस ना जराशीक." मी बसायची, आणि ती आत गेली की पुन्हा उठायची.

दसरा झाल्यावर वडिलांना अमरावतीला जायचं होतं. मुंबई-पुण्याच्या शर्यतींत दुखावलेले, मागे पडलेले घोडे मालक इकडे वऱ्हाडात पाठवून देत. अमरावतीला कॅम्पच्या मैदानावर त्यांचा लिलाव होई. घोड्यांना काही रोग नाही ना, हे तपासून द्यायचं काम वडिलांकडे होतं. ते म्हणाले, "तूही चल. समोरासमोर बोलून टाकू."

बडनेऱ्याला गाडी बदलून आम्ही अमरावतीला उतरलो आणि आधी माझ्या सासरी गेलो. सासूबाईंनी चहा दिला. यजमान घरी नव्हते. आम्ही येणार हे कळवलेलं होतं, तरी नव्हते.

"आता मार्गशीर्ष येईन, मग पौष," सासूबाई म्हणाल्या. "संक्रांत होऊ द्या, मग पाहू."

वडिलांनी कप खाली ठेवला. माझी पिशवी दाराशी होती. ती आत घ्यावी असं कोणालाच वाटलं नाही, आणि आम्ही निघालो तेव्हा मीच ती उचलली. मला कुठे ठेवावं हा प्रश्न होता, म्हणून वडील मला सरळ लिलावालाच घेऊन गेले.

मी टांग्यात बसून पाहत होते. आजूबाजूला टांगेवाले, दोन-चार हौशी जमीनदार, धूळ. एकेक घोडा दोरीनं फिरवून आणत. बाई माणूस मी एकटीच होते, पण त्या दिवशी मला त्याचं काही वाटलं नाही. सगळ्यांत शेवटी एक तांबूस घोडी आणली. अंगानं बारीक, मान लांब, कातडी अशी पातळ की खालच्या शिरा दिसाव्यात. पुढचा डावा पाय ती टेकवत नव्हती. गुडघ्याखाली मागच्या बाजूला सूज होती, पिकलेल्या केळ्यासारखी वाकलेली. लिलाव करणारा दोनदा ओरडला. कोणी बोली लावली नाही. टांगेवाले हसले.

वडिलांनी पाय हातात घेऊन पाहिला. नस फाटली होती. अशा जनावराला गोळी घालायची रीत होती, आणि त्यासाठी डॉक्टरची सही लागे. कारकुनानं कागद पुढे केला. घोडी तीन पायांवर उभी होती, तरी सारखी हलत होती. या पायावरून त्या पायावर भार टाकायचा, मान इकडून तिकडे झुलवायची, पुन्हा तेच.

मी टांग्यातून उतरले आणि वडिलांच्या मागे जाऊन उभी राहिले. "बाबा, सही नका करू."

"मग काय करायचं तिचं?"

"घरी न्यायची."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कारकून आणि टांगेवालेही पाहत होते. वडील चारचौघांत आवाज चढवणारे नव्हते. ते हळूच म्हणाले, "पळणारी ती आता कधी होणार नाही. चालणारी होईल की नाही, तेही सांगवत नाही. वर्ष लागेल. वर्षभर कोण करणार?"

"मी."

मालकाच्या माणसाला ती नकोच होती. त्यानं जवळजवळ फुकटच देऊन टाकली. तीन दिवसांनी मालगाडीच्या डब्यातून ती अकोल्याला उतरली. स्टेशनापासून घरापर्यंत यायला तिला सारी सकाळ लागली.

आईनं ती अंगणात पाहिली आणि म्हणाली, "एक परत आली ते पुरे नाई झालं काय, आता हे दुसरी?"

एवढं बोलून आई घरात निघून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाहिलं तर घमेल्यात गव्हाचा कोंडा कोमट पाण्यात भिजवून, वर गुळाचा खडा ठेवून, कोणीतरी घोडीपुढे ठेवला होता. त्या बोलण्याचा विषय आईनं पुन्हा काढला नाही आणि मीही काढला नाही.

जुन्या शहरातून वडिलांनी एका म्हाताऱ्या नालबंदाला बोलावलं. सगळे त्यांना चाचा म्हणत. चाचांनी घोडीचे नाल काढून टाकले, पायावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "डाक्टरसाब, दवाई तुमची, पन पानी नदीचं. वाहत्या पान्यात उभी करा. सकाळी घंटाभर, संध्याकाळी घंटाभर. आन तिले पळू देऊ नका. बिलकुल नाई."

वडिलांनी मान डोलावली. त्यांच्या पुस्तकातही तेच होतं.

मग माझं रोजचं काम ठरलं. सकाळी उजाडलं की घोडीला उतारावरून हळूहळू खाली न्यायचं, मोर्णेत गुडघाभर पाण्यात उभी करायची आणि दोर धरून आपणही उभं राहायचं. कार्तिकात पाणी गार होतं. माझी पावलं बधिर होत. घरी आणलं की पाय कोरडा करून, आंबट शिरक्यात कालवलेल्या मुलतानी मातीचा लेप, वर कापूस आणि पट्टी. पुलावरून माणसं जात-येत थांबून पाहत. "डाक्टरची पोरगी हाये. नवऱ्यानं टाकलेली," असं एक बाई दुसरीला सांगताना मी ऐकलं. ती काही हळू बोलत नव्हती.

पाण्यात घोडी शांत असे. दवाखान्याच्या तबेल्यात मात्र तिचं झुलणं सुरू होई. तासन् तास. लेप घसरून जायचा, दुखरा पाय पुन्हा गरम व्हायचा. मी जवळ बसून तिला थोपटायची, तर उलट जास्तच. एकदा चाचा आले असताना हे त्यांनी पाहिलं.

"एकटी राहून राहिली न ते," ते म्हणाले. "शर्यतीच्या तबेल्यात पन्नास घोडे असतेत. इथं कोन हाये? आन बाई, तू बी तशीच हलून राहिली तिच्या बाजूले. तिले सोबत पायजे. बकरी आना एखांदी."

मला त्यांचा राग आला. पण बकरी आणली. काळी, एका शिंगाची, अतिशय हट्टी. पहिल्या दिवशी घोडीनं तिला हुंगलं आणि बकरीनं घोडीच्या पुढ्यातला कडबा खायला घेतला. चौथ्या दिवशी बकरी तिच्या पोटाखाली बसून रवंथ करत होती आणि घोडी मान खाली घालून उभी होती. झुलत नव्हती. आईनं मला हाक मारून ते दाखवलं.

मार्गशीर्षात सूज उतरली. पौषात वडिलांनी रोज थोडं चालवायला परवानगी दिली, दोर हातात ठेवून, फक्त पावलानं. घोडीच्या अंगावर मांस आलं, कातडी चकाकू लागली. संक्रांत आली. अमरावतीचं पत्र आलं नाही. तिळगूळ आला, सोबत एक ओळही नव्हती.

त्यानंतरच्या आठवड्यात मी जे केलं ते अजून माझ्या मनातून जात नाही. नदीचं पाणी ओसरून काठाला वाळूचा लांब पट्टा उघडा पडला होता. सकाळची वेळ, वारा होता, घोडीनं कान टवकारले होते आणि ती दोर ओढत होती. दोर हातातून सुटला, असं मी घरी सांगितलं. तो सुटला नव्हता. मी सोडला होता. तिला पळताना मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मलाच ते पाहायचं होतं.

ती पळाली. पोट वाळूला लागतंय की काय असं वाटावं इतकी लांब होत गेली. पाहता पाहता वळणापर्यंत पोचली. मी इतकी आनंदात होते की हसत होते. वळणावरून ती परत आली तेव्हा तीन पायांवर आली.

वडिलांनी पाय तपासला. दोर उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, "दोर तुटलेला नाही. तुझ्या हातावर ओरखडाही नाही."

मी खरं सांगितलं.

"तिला धीर नसला तर चालतं," ते म्हणाले. "ती जनावर आहे. तुला नसून कसं चालेल?"

पुढचे दहा दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. गोळी घालावी का, हा विचार त्यांच्या मनात पुन्हा आला होता, हे मला दिसत होतं. मी त्यांना विनवलं नाही. तेवढा हक्क आता माझ्याकडे राहिला नव्हता. अकराव्या दिवशी त्यांनी स्वतः लेप कालवला आणि पट्टी माझ्या हातात दिली.

सगळं पहिल्यापासून सुरू झालं. आता नदीत डबकी उरली होती. म्हणून मी विहिरीचं पाणी शेंदून घोडीच्या पायावर ओतायची. सकाळी चाळीस घागरी, संध्याकाळी चाळीस. हाताला घट्टे पडले. या वेळी मी दिवस मोजले नाहीत.

चैत्रात यजमान आले. न कळवता आले. मी विहिरीपाशी होते, लुगडं खोचलेलं, पाय चिखलात. ते अंगणातल्या पारावर बसले, रुमालानं घाम पुसला. माणूस वाईट नव्हता. स्वतःच्या आईच्या शब्दाबाहेर जाण्याची त्यांना सवय नव्हती, एवढंच.

"आई म्हणते, आता यावं," ते म्हणाले.

"आणि तुम्ही काय म्हणता?"

ते घोडीकडे पाहत राहिले. "मी न्यायलाच आलो आहे."

"हिचा पाय बरा व्हायला दसरा उजाडेल. तोवर मला येता येणार नाही."

"एका घोडीसाठी?"

"तुम्ही मला वर्षभर थांबवलंत. मी सहा महिने मागते आहे."

त्यांनी यावर रागवावं असं मला वाटत होतं. भांडण झालं असतं तर कदाचित मी गेलेही असते. ते म्हणाले, "आईला विचारून कळवतो." जेवले, माझ्या आईच्या पाया पडले आणि संध्याकाळच्या गाडीनं गेले. ते फाटकाबाहेर पडल्यावर माझ्या हातून घागर विहिरीत पडली. ती काढायला गळ आणावा लागला. आईनं एका शब्दानं मला बोल लावला नाही, पण त्या दिवशी ती जेवली नाही.

कळवतो म्हणाले होते, ते कळवलं नाही. श्रावणात दुसऱ्या कोणाच्या तोंडून समजलं की त्यांचं दुसरं लग्न ठरलं आहे, मुलगी तिवशाकडची. वडील अमरावतीला जाऊन बोलतो म्हणाले. मी नको म्हटलं. मला वाईट वाटलं नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. चार दिवस मी पुन्हा कुंपणाजवळ येरझाऱ्या घालत होते. पण पाण्याच्या वेळी पाणी घालत होते. नदी तेव्हा भरून वाहत होती, घोडीला आत नेता येत नव्हतं.

दसऱ्याला घोडी चारही पाय टेकवून चालू लागली. पायाला गाठ राहिली, कायमची. दुडक्या चालीनं जाई, त्याहून जास्त नाही. टांग्याला तिला देणार नाही, हे मी आधीच सांगून ठेवलं होतं. तेल्हाऱ्याला वडिलांच्या ओळखीचे एक वैद्य होते, किरकोळ अंगाचे, साठीचे. आसपासच्या गावांत रोगी पाहायला पायी फिरत. त्यांना शांत जनावर हवं होतं.

आम्ही तिला टप्प्याटप्प्यानं नेली, मधे दोन मुक्काम करून. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता. बकरी मागे बैलगाडीत बसली होती आणि गाडीतला कडबा संपवत होती. तिला ठेवून घोडी नेता येणार नाही, हे आईनंच बजावलं होतं.

वैद्यांनी घोडीच्या पायावरची गाठ पाहिली, तिच्या तोंडापुढे तळहात धरला. "खोड काही हाये काय इची?"

"एकटी राहत नाही," मी म्हणाले. "आणि समोर मोकळी वाळू दिसली तर दोर घट्ट धरा."

"आमच्या इथं काळी माती हाये," ते म्हणाले. "वाळू नाई."

परतताना गाडीत जागा मोकळी होती. वडिलांनी सांगितलं की कॅम्पच्या मैदानावर पुढच्या आठवड्यात पुन्हा लिलाव आहे, आणि एक राखाडी घोडा येतोय, खूर चिरलेला. खुरांचं काम चाचांना विचारून शिकावं लागेल, असं ते म्हणाले. मी विचारलं, गाडी किती वाजता असते.