करंजीचं कातणं

आयर्लंडला आले तेव्हा माझ्या व्हिसावर नोकरीची परवानगी नव्हती. नवरा किलकेनीच्या हॉस्पिटलात डॉक्टर, आणि मी पुण्याच्या वस्तुसंग्रहालयातली सात वर्षांची नोकरी सोडून आलेली ‘डॉक्टरांची मिसेस’. हे बिरुद मला अजिबात सोसत नसे. २०१६ साली दसरा झाल्यावर शेजारच्या गावातल्या छोट्या संग्रहालयात मी बिनपगारी पुसापुशी करायला जाऊ लागले.

तिथे एका माणसाच्या आयुष्यावर प्रदर्शन मांडायचं होतं. एकोणिसाव्या शतकातला तिथलाच हा क्युरेटर, म्हणजे संग्रहपाल, शाळामास्तरचा मुलगा. चाळीस वर्षं देशोदेशींच्या लोकांच्या वस्तू जमवल्या आणि स्वतः आयर्लंडबाहेर पाऊल टाकलं नाही. सैनिक, खलाशी, पाद्री जे आणून देतील ते घ्यायचा. पण हट्ट असा, की वस्तू स्वतः वापरून पाहिल्याशिवाय नोंदवहीत चढवायची नाही. कातड्याची होडी त्याने नदीत घातली, बुडता बुडता वाचला, तेही लिहून ठेवलं. नोंदीत दुरुस्ती करायची तर पुराव्यानिशी, शाईने, खाली आपलं नाव घालून. हा नियम तिथे अजून पाळत होते. मला हा माणूस फार आवडला.

एके दिवशी पेटीतून एक पितळी वस्तू निघाली. चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘गोंदण्याचं हत्यार, दख्खन’. मी खो खो हसले. ते करंजीचं कातणं होतं, दातेरी चाकाचं, माझ्या आईकडे आहे अगदी तसं. संचालकबाईंना माझं हसणं लागलं. प्रदर्शनाच्या पाट्या शुक्रवारी छापायला जाणार होत्या, आणि मदतीला येणाऱ्या बाईच्या शब्दावर त्या बदलणार नाहीत, असं त्यांनी सांगून टाकलं. मी चडफडत घरी आले. सात वर्षं मी पाट्याच लिहिल्या होत्या!

नवरा म्हणाला, जाऊ दे ना, तुला कोण पगार देतंय. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. गुरुवारी रवा-मैदा भिजवला, सारण डब्यात भरलं, माझं कातणं पर्समध्ये टाकलं आणि बस पकडली.

संग्रहालयाच्या किचनमध्ये पुरी लाटली, सारण भरून मिटली आणि कातणं बाईंच्या हातात दिलं.

“तुमच्या माणसाचा नियम आहे ना? वापरून बघा.”

त्यांनी चाक फिरवलं. कडेला नक्षी उमटली. त्या आत गेल्या आणि नोंदवही घेऊन आल्या. ती नोंद आम्ही दोघींनी तेव्हाच पहिल्यांदा वाचली. ‘स्वतःच्या दंडावर तीनदा करून पाहिलं. खूण टिकत नाही.’ पुढे भलंमोठं प्रश्नचिन्ह.

पठ्ठ्याने दंडावर करंजी कातली होती! हसू आलं आणि मायाही वाटली. शंका त्यालाही आली होती, विचारायला आमच्याकडचं कुणी भेटलं नव्हतं एवढंच.

मी करंज्या तळल्या. बाईंनी पहिली संपवली, “ग्रँड” म्हणाल्या आणि पेन माझ्यापुढे धरलं.

“लिहा. आणि खाली नाव.”

त्याच्या प्रश्नचिन्हाखाली मी लिहिलं, ‘करंजीचं कातणं. वापरून पाहिलं.’ मग माझं पूर्ण नाव घातलं, अगदी सावकाश. उरलेल्या करंज्या आम्ही दोघींनीच संपवल्या. नवऱ्यासाठी एकही ठेवली नाही.