कोर्टावरची घरची मराठी

माझा पारा चढला की कन्नड कुठल्या कुठे पळतं आणि घरची मराठी तोंडात येते. आमचं घराणं बंगळुरात इतक्या पिढ्या राहिलंय की आमच्या मराठीत निम्मं कन्नडच, पण राग मात्र अस्सल मराठीत येतो. मुलींच्या कॉलेजात बास्केटबॉल शिकवायला लागले, त्या पहिल्याच वर्षी एका सामन्यात मी ओरडले, "पोळी उलट गं, करपतेय!" म्हणायचं होतं ते इतकंच की एका बाजूला गर्दी करू नका, चेंडू पलीकडे द्या. माझ्या कन्नड, तेलुगू, मल्याळी मुलींना ते कसं कोण जाणे बरोबर कळलं आणि समोरच्या संघाला अजिबात कळलं नाही.

तेव्हापासून तीच आमची रीत झाली. चेंडू हाती येताच सगळ्यांनी पुढे धावायचं, ती फोडणी. बास्केटखाली दाटीने उभं राहून वाट अडवायची, ते झाकण. नव्या मुलींना हे जुन्या मुली शिकवत, आणि मला मॅडम नाही, अक्का म्हणायचं हेही.

मधे एक मुलगी पुण्याहून आली. आईवडील आयटीत, घर सर्जापूर रोडला. पहिल्या दिवशी माझं ओरडणं ऐकून ती पोट धरून हसली आणि ही कुठली मराठी, असं तोंडावर विचारती झाली. मी तिला कोर्टाभोवती पळायला लावलं, तर पळतानाही हसत होती. समोरच्यांचा पास हवेतल्या हवेत उचलावा तो तिनेच. माझा तिच्यावर फार जीव होता आणि तो लपवणं मला काही जमलं नाही. पदवीनंतर ती एमबीएला कोरमंगलाच्या एका कॉलेजात गेली.

यंदा माझी निवृत्ती. आंतरमहाविद्यालयीन कप माझ्या संघाने कधीच जिंकला नव्हता. अंतिम सामन्यापर्यंत जायचं आणि हात हलवत परत यायचं. यंदा पुन्हा अंतिम सामना आला, समोर कोरमंगलाचा संघ, आणि त्यात ती. आमच्या मुली म्हणाल्या, अक्का, शब्द बदलू या. पण इतक्या वर्षांची जीभ अशी ऐनवेळी वळते थोडीच? सामना रंगला आणि मी ओरडायचं तेच ओरडले.

तरीही आम्ही पुढे गेलो. मी खूश झाले. मग माझं लक्ष तिच्या पायांकडे गेलं. "पोळी उलट" म्हटल्यावर पास कुठे जाणार हे तिला पक्कं माहीत, पण ती अर्धं पाऊल उशिरा निघत होती. आधी वाटलं, दमली असेल. पण दमली की ती कमरेवर हात ठेवते, आणि हात तर खालीच होते. पोरगी मुद्दाम सोडत होती, जाता जाता मला कप मिळावा म्हणून.

मी गप्प बसले असते तर कप आमचा होता. माझ्या मुली जीव तोडून खेळत होत्या, आणि मलाही तो हवा होता, अगदी मनापासून हवा होता. पण तिला असं खोटं खेळताना मला बघवेना. ती बाकासमोरून गेली तशी मी उठले.

"नीट खेळ गं. मला तुझे उपकार नकोत."

ती लालबुंद झाली. पुढचाच पास तिने उचलला, त्याच्या पुढचाही. आम्ही एका बास्केटने हरलो.

नंतर ती पाया पडायला आली. मी तिला जवळ घेतलं. माझे डोळे भरले होते, पण ते सगळं काही कौतुकाचं पाणी नव्हतं. कप गेल्याचंही त्यात बरंच होतं.

मग परतीची बस. आमची कर्णधार मंड्याची, मराठी इथेच माझ्या शिव्यांवर शिकलेली. ती मुद्दाम माझ्यापासून लांब बसली होती आणि तिचा राग मला पटत होता. सिल्क बोर्डाच्या चौकात बस गर्दीत अडकली तेव्हा ती उठून शेजारी आली.

"अक्का, तिकडे मी असते तर मला पण असंच ओरडला असता?"

"तुला तर दोन शब्द जास्तच."

"सरी," ती कन्नडात म्हणाली, म्हणजे बरं. हसली नाही. पण माझी जड बॅग माझ्या मांडीवरून उचलून तिने स्वतःच्या मांडीवर घेतली आणि कॉलेज येईपर्यंत सोडली नाही.