माझ्या नावावरची किडनी

रिपोर्टात लिहिलं होतं की माझं पित्ताशय आकाराने योग्य आहे, भिंती पातळ आहेत आणि आत खडे नाहीत. इतकं चांगलं प्रशस्तिपत्र मला उभ्या नोकरीत कोणी दिलं नव्हतं. अडचण एवढीच, की मला पित्ताशय नाही. नांदेडच्या एका सर्जनने ते कधीचंच काढून टाकलं आहे. आतले खडे त्याने एका छोट्या बाटलीत घालून आमच्या हातात दिले आणि बायकोने ती बाटली कपाटात दागिन्यांच्या डब्याशेजारी ठेवली. का, ते मी कधी विचारलं नाही.

त्याच कागदावर आणखी खाली उजव्या किडनीत गाठ होती. तिचं माप होतं आणि पुढे सीटी स्कॅन करून घ्यावा असा सल्ला होता. बायकोने ती ओळ वाचली. मी पित्ताशयाचीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत होतो.

"आवो, गाठ हाय म्हणतेत."

"पित्ताची पिशवीही आहे म्हणतात."

"जन्मभर लोकांच्या चुका काढल्या तुमी. आता तरी नका काढू."

तिचं खरं होतं. कॉलेजच्या ग्रंथालयात माझी नोकरी झाली. भलत्या कप्प्यात गेलेलं पुस्तक हुडकून काढायचं, हाच धंदा. पण या वेळी चूक काढण्याची हौस नव्हती, गरज होती. कागद एका ठिकाणी खोटा असेल तर दुसऱ्या ठिकाणीही असू शकतो, एवढ्या एका धाग्याला मी लोंबकळत होतो. प्रोस्टेटसाठी सहज म्हणून सोनोग्राफी करायला गेलेला माणूस मी. त्या रात्री जेवण गेलं नाही. पाणी प्यायलो तरी ते नेमकं कुठे जातंय याकडे लक्ष.

सकाळी सोनोग्राफी सेंटरवर गेलो. परभणीत असं सेंटर उघडलं की आधी बोर्ड मोठा होतो, मग मशीन येतं. आत शिरताच भिंतीवर डॉक्टरांचे सत्काराचे फोटो. प्रत्येक फोटोत नवी शाल. एवढ्या शालींत सरकारी दवाखान्याच्या एका वॉर्डाचा हिवाळा निघाला असता. काउंटरवर एक मुलगी होती.

"मॅडम, मला पित्ताशय नाही."

तिने रिपोर्ट पाहिला. "आहे ना सर. हे काय, नॉर्मल आहे."

"रिपोर्टात आहे. पोटात नाही."

"मग टायपिंग मिस्टेक असेल. थांबा, करेक्शन करून देते."

तिने चारदोन बटणं दाबली, प्रिंटर कुरकुरला आणि गरम कागद माझ्या हातात आला. पित्ताशय शस्त्रक्रियेने काढलेले. सर्जनला तासभर लागला होता. हिने उभ्या उभ्या काढलं. गाठ मात्र होती तिथेच होती. खाली डॉक्टरांची सही.

"डॉक्टर कुठे आहेत?"

"जिंतूरला गेलेत. सत्कार आहे."

"मग ही सही?"

"डॉक्टरांचीच आहे की. ती अगोदरच करून ठेवलेली असती."

मी म्हटलं, मला दुरुस्त कागद नको, पोट पुन्हा तपासून हवं. ती म्हणाली, परवा या.

मधला दिवस मी घरात येरझाऱ्या घालण्यात काढला. एक पुस्तक उघडलं, पान उलटलं, पुन्हा मागे आणलं. शेवटी बायको म्हणाली, फिरायचंच असेल तर बाहेर तरी फिरा, फरशी झिजायली.

परवा डॉक्टर होते. पोटावर थंडगार जेली लावून त्यांनी मशीनचं टोक उजव्या कुशीत दाबलं, फिरवलं, पुन्हा दाबलं. त्यांचा चेहरा पडद्याकडे, माझा त्यांच्या चेहऱ्याकडे. मग टोक डावीकडे नेलं, परत उजवीकडे आणलं.

"दोन्ही किडन्या एकदम क्लीन. पित्ताशय नाहीये, बरोबर. अभिनंदन सर!"

त्यांनी हात पुढे केला. मीही केला, जेली दोघांच्याही हाताला लागली. अंगातला बर्फ वितळावा तसं मला वाटलं. शर्टाची बटणं लावता लावता मी म्हणालो, "मग ती गाठ कोणाची?"

"अहो, मशीन आहे. कधी कधी होतं."

"मशीनला गाठ दिसली, मापसुद्धा घेतलं. म्हणजे कोणाच्या तरी पोटात ती असणार."

डॉक्टर टिश्यू पेपरने हात पुसत राहिले. आणि मला पहिल्या सोनोग्राफीचा तो दिवस आठवला.

सोनोग्राफीच्या आधी भरपूर पाणी प्यायला लावतात, लघवी दाबून धरायला लावतात. त्यामुळे तिथल्या बाकावर बसलेली माणसं बसलेली नसतातच. एक पाय दुसऱ्यावर घट्ट, नजर दाराकडे. अशा अवस्थेत माणसं एकमेकांना काहीही सांगतात. माझ्या शेजारी राणीसावरगावचा एक माणूस होता. विहिरी-बोअरच्या जळालेल्या पाणबुडी मोटारी नवी तार गुंडाळून भरून देण्याचं त्याचं दुकान होतं. गाव कोणतं, विचारलं त्याने. मीही मूळचा तिथलाच. परभणीत घर बांधलं, पण आधार कार्डावरचा पत्ता बदलायचं राहूनच गेलं. मग काय, गाववाले निघालो. त्याने लगेच सांगून टाकलं, "लघवीला लाल जायलंय. दुखत बिखत काय न्हाई. पर घरची ऐकंना, मनून आलो."

तेवढ्यात आतल्या मुलाने दार किलकिलं करून हाक मारली, "राणीसावरगाव!"

आपल्याकडे दवाखान्यात माणसाला त्याच्या गावावरून हाकारतात. नावं सारखी असतात, आडनावं तर निम्म्या गावाची एकच. गावाने हाक मारली की काम भागतं. कोणालाही यात काही वावगं वाटत नाही. मलाही वाटलं नाही. मी उठलो. पोट एवढं तटतटलं होतं की विचार करायला जागाच नव्हती. आत कोणी नाव विचारलं नाही. मी बाहेर आलो, पुन्हा "राणीसावरगाव!" झालं आणि तो गेला. पहिली पाळी खरं तर त्याची होती. माझं पोट त्याच्या नावावर चढलं, त्याचं माझ्या. सातबाऱ्यावर असं झालं असतं तर कोर्टात पिढ्या गेल्या असत्या.

हे सगळं मी डॉक्टरांना सांगितलं. ते गंभीर झाले. गंभीर होणं त्यांना चांगलं जमत होतं.

"आम्ही त्यांना कॉन्टॅक्ट करू. तुम्ही यात पडू नका. दुसऱ्या पेशंटची माहिती गोपनीय असते."

त्याची गाठ आमच्या जेवणाच्या टेबलावर लोणच्याच्या बरणीखाली पडून होती. गोपनीय!

दोन दिवसांनी फोन केला. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "ट्राय करायलोत सर, नंबर लागंना." आठवड्याने केला, तरी नंबर लागत नव्हता. "गाव तर माहीत आहे," मी म्हणालो. तिने आत कोणाला तरी विचारलं आणि परत येऊन सांगितलं, "गावाला जायची आपली पॉलिसी नाही. पण सर, तुमचा रिपोर्ट तर चांगला आला ना?"

हेच सगळे विचारत होते. शेजारी, पेन्शनरांच्या कट्ट्यावरचे, पुण्याहून मुलगी. तुमचं चांगलं आलं ना, मग झालं तर. बायकोने नारळसुद्धा फोडला. मी प्रसाद खाल्ला. मोटारी भरणारा तो माणूस कुठेतरी माझा स्वच्छ रिपोर्ट खिशात घालून हिंडत होता आणि हे मला, एका डॉक्टरला आणि एका मुलीला माहीत होतं. तिघांपैकी दोघांची पॉलिसी होती. उद्या सेंटरचा फोन लागेलच, असं मी रोज मनाशी म्हणत होतो. रोज संध्याकाळी ते खोटं वाटत होतं. बरेच दिवस असे गेले. एका सकाळी बायकोच म्हणाली, "जावा बाबा एकदाचं. तुमी घरात ऱ्हायलात तर मलाच काहीतरी व्हईल."

गंगाखेडहून बस बदलून राणीसावरगावला उतरलो. मोटारीचं दुकान विचारावं लागलं नाही. रस्त्यावरच पाणबुडी मोटारी आडव्या पडल्या होत्या. तो खाली बसून तांब्याची तार गुंडाळत होता. बायको दाराशी लसूण सोलत होती.

त्याने मला ओळखलं. "या या, गाववाले! तुमचं काय निघालं वो त्या दिवशी?"

मी विषय कसा काढावा याचा बसमध्ये बराच विचार केला होता. त्याने वेळच दिला नाही. भिंतीकडे बोट केलं. देवांच्या फोटोंशेजारी त्याचा रिपोर्ट. लॅमिनेशन केलेला.

"आमचं एकदम किलिअर. डागदर मनला, उष्णता हाय, सब्जा प्या. फकस्त एक हाय, मला पित्ताची पिशवीच न्हाई म्हणं. जन्मापासून. आमच्या बापालाबी नसंल."

"पित्त न्हाई तर एवढं खवळता कशाला उठल्यासुटल्या?" बायको लसणातून वर न बघता म्हणाली.

तो हसला. मीही हसलो आणि लगेच सगळं सांगून टाकलं. बाक, हाक, अदलाबदल, गाठ. सांगताना माझ्याच कानाला ते खोटं वाटायला लागलं.

त्याने तार खाली ठेवली. "मंजी, कागदावर गाठ कुनाच्या नावानं हाय?"

"माझ्या."

"आन् तुमी सांगायलाव, ती माझी हाय."

"हो."

"वा सर! शिकलेला मानूस तुमी. सोताचा आजार माझ्या गळ्यात घालाया बस करून आलाव का?"

मी पिशवीतून माझा दुसरा, स्वच्छ रिपोर्ट काढला. तो म्हणाला, ह्यो तर पैसं दिलं की कसाबी मिळतो. त्या काउंटरवरचा वेग मी पाहिला होता. मी काय वाद घालणार? शेजारच्या टपरीवरून दोघं उठून आले. त्यातला एक म्हणाला, "सर, गाठ अशी दुसऱ्याच्या नावावर करता येती व्हय? मंग आमच्याबी मूळव्याधीचं बघा की कायतरी." सगळे हसले.

मी शर्ट काढला. भर रस्त्यावर, या वयात. उजव्या बरगडीखाली वीतभर तिरका वण आहे माझ्या. जुन्या पद्धतीचं ऑपरेशन.

"पित्ताची पिशवी अशी काढतात," मी म्हणालो. "आता तुमचं पोट दाखवा."

टपरीवाले त्याच्याकडे बघत राहिले. मग त्याने उगाच बघायचं म्हणून बनियन वर केलं. पोट गुळगुळीत होतं. तो स्वतःच तिथे बोटं फिरवत राहिला.

"जन्मापासूनच न्हाई मनलो ना," तो हळू म्हणाला, पण आता ते कोणाला उद्देशून नव्हतं.

त्याची बायको उठली. लसणाच्या साली पदरातून खाली पडल्या. तिने माझ्या वणाकडे पाहिलं, मग त्याच्या पोटाकडे, मग भिंतीवरच्या कागदाकडे. "परवा परत लाल गेलं की तुमाला," ती त्याला म्हणाली. "मला सांगितलं न्हाई. मोरीत बघितलं मी." आणि मला म्हणाली, "भाऊ, शर्ट घाला. कुठं जावं लागतंय?"

सीटीसाठी आम्ही तिघं नांदेडला गेलो. मी जायची गरज नव्हती. त्याच्या बायकोनेच दोनदा म्हटलं, तुमी जावा आता, तुमचं काम झालं. पण घरी जाऊन बसणं मला जमलं नसतं. काउंटरवर मी त्याचं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आणि आत नेतानाही दारात उभा राहून पुन्हा सांगितलं. तिथला माणूस वैतागला. मोटारवाला आत गेल्यावर त्याची बायको आणि मी बाहेर बसलो. मी पंखा बघत राहिलो, मग दार, मग पुन्हा पंखा.

गाठ होती. उजवीकडे. माप माझ्या कागदावरच्यापेक्षा थोडं मोठं भरलं; मशीन वेगळं आहे, फरक पडतो, असं नांदेडचे डॉक्टर म्हणाले. किडनी काढावी लागेल, दुसरी चांगली आहे, माणूस एका किडनीवर व्यवस्थित जगतो. तो ऐकत होता की नाही कळलं नाही. तारेने काळे पडलेले हात त्याने मांडीवर सरळ ठेवले होते.

"वेळेत आलात," डॉक्टर म्हणाले. "लवकर सापडलं. नशीबवान आहात."

त्याच्या बायकोने विचारलं, "सायेब, त्या मापात जो फरक पडला मनता, तो मशीनचाच हाय ना नक्की? का आमाला आधी कळलं असतं तर ती बारीकच ऱ्हायली असती?"

डॉक्टरांनी फिल्म पुन्हा उजेडाकडे धरली, मग माझ्या कागदावरची तारीख पुन्हा वाचली.