अण्णांची कवळी

धाकटी केकच्या दुकानात वाढदिवसाची नावं लिहायची. हात असा स्थिर, की गिऱ्हाईक कानाशी कटकट करत राहिलं तरी क्रीमची रेघ हलायची नाही. हात घराण्यातूनच आलेला. थोरला भाऊ कवळ्या बनवतो, आणि त्याची कवळी लावून चणे फोडणारी म्हातारी माणसं आजही बाजारात भेटतात.

घरी आली की धाकटी मागच्या खोलीत मातीच्या बाहुल्या मांडायची. बाहुली केसभर हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा केसभर हलवायची; ते फोटो सलग पळवले की बाहुली जिवंत. बाहुलीने एक जांभई दिली की हिची सुट्टी संपलेली.

वडील, म्हणजे अण्णा, गेले आणि तिने सिनेमा केला. छोटासाच. म्हातारा मरतो, पण ग्लासातली कवळी बोलायची थांबत नाही. घरचे तिला कुंडीत पुरतात, तर ती तिथून ओरडते, "गुलाबाला पाणी कोण घालणार, तुमचा सासरा?" शेवटी नदीत फेकतात. दुसऱ्या दिवशी बाजारातून आणलेला मासा तोंड उघडतो. आत कवळी. "मला केवढ्याला घेतलंत? फसलात!"

दात अर्थातच थोरल्याने बनवलेले. 'आ'ला वेगळं तोंड, 'ओ'ला वेगळं, शिवीला खास. दुसऱ्या कुणाच्या बापाला जमलं नसतं.

मोठ्या महोत्सवात सिनेमाला पहिलं बक्षीस मिळालं. थोरल्याने चहावाल्यापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांना ऐकवलं. फक्त आईला नाही.

"दादा, तिला कळता कामा नये," धाकटीने बजावलं होतं. "तिला वाटेल, मी अण्णांची थट्टा केली."

"अगं वेडे, बक्षीस मिळालंय!"

"बक्षीस देणाऱ्यांचा नवरा नव्हता तो."

पण एवढं कौतुक गल्लीभर वाटल्यावर ते घराबाहेर किती दिवस राहणार? शेजारीण आईचं अभिनंदन करून गेली. आई मटार सोलत होती. म्हणाली, "लाव. बघू दे."

धाकटी लॅपटॉपशेजारी उभीच राहिली, थोरला दारात. कवळी पहिल्यांदा खेकसली आणि आईचे हात थांबले. धाकटीने बंद करायला हात पुढे केला.

"राहू दे," आई म्हणाली.

कवळी ओरडली, "भाजीत मीठ कुठंय?"

"उठून घ्या की!" आई म्हणाली.

दोघं भावंडं गारच पडली. अख्ख्या संसारात आईने अण्णांना उलट उत्तर दिल्याचं या घराच्या भिंतींनीही ऐकलं नव्हतं.

"पंखा बंद करा!"

"नाही करत. उकडतंय मला."

कुंडीतल्या कवळीला तिने सुनावलं, "गुलाब मी लावलाय. तुम्ही गप पडा." माशापर्यंत येईतो ती हसत होती आणि डोळेही पुसत होती. मटार सगळे जमिनीवर.

सिनेमा संपला. धाकटीने हळूच विचारलं, "आई, राग आला?"

"येणार नाही? एवढ्यात संपवलास! माझं निम्मं बोलायचं राहिलं. परत लाव. आणि ते मीठ मागतात ना, तिथे जरा थांबव."

धाकटीने थांबवलं. पडद्यावर अण्णांची कवळी आ वासून गप्प राहिली. आईने खुर्ची पुढे ओढली.

"हं," ती म्हणाली, "आता ऐका."